बोट आहे तोवर

माझी धाकटी बहीण बसगाड्यांची वेळापत्रकं आखते. शहरातली कुठली गाडी कुठून कधी सुटायची, शेवटच्या थांब्यावर किती वेळ उभी राहायची, कुठला ड्रायव्हर कुठे उतरायचा आणि दुसरा कुठे चढायचा, हे सगळं डेपोच्या वरच्या मजल्यावरच्या एका अरुंद खोलीत ती आणि तिचे दोन सहकारी ठरवतात. हिच्या पायाला भिंगरी लागली आहे, असं आमची आई ती रांगत होती तेव्हापासून म्हणायची. चहासुद्धा ती उभ्याने पिते. माझ्याकडे आली की स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत बोलते, आणि बोलता बोलता माझे डबे उघडून बघते, एकाचं झाकण दुसऱ्याला लावून ठेवते. मी ओरडते. तिच्यावर काही परिणाम होत नाही.

मी शाळेत शिकवते. केस पिकले ते खडूने की वयाने, हे आता मलाही सांगता येणार नाही. त्यामुळे माझ्या सख्ख्या बहिणीने पोटच्या पोरीला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलं, तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा. स्टाफरूममध्ये तोंड दाखवायची सोय उरली नाही. एक सहशिक्षिका तर मला म्हणाली, "बाई, तुमच्या घरातच तुमच्यावर विश्वास नाही वाटतं!" मी हसले, पण त्या दिवशीचा डबा मला गोड लागला नाही.

कारण होती बोट. माझ्या भाचीला आम्ही लवंगी म्हणतो. उंचीने एवढीशी, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर रस्त्यावरची माणसं वर बघतात. दहाव्या वर्षी ती शेजारणीच्या मुलीबरोबर तळ्यावरच्या बोट क्लबमध्ये सहज गेली आणि तिथल्या कोचबाईंनी तिला उचलून थेट बोटीत बसवलं. शर्यतीच्या त्या लांबलचक अरुंद बोटीत आठ मुली वल्ही मारतात. त्यांची पाठ पुढे असते, त्यांना कुठे चाललोय ते दिसत नाही. नववी मुलगी त्यांच्याकडे तोंड करून बसते, सुकाणूच्या दोऱ्या हातात धरते आणि ओरडून सगळ्यांना एका लयीत ठेवते. ती जितकी हलकी तितकं बरं, कारण तिचं वजन बाकीच्या आठ जणींनी ओढायचं असतं. आणि आवाज हवा. आमच्या लवंगीसाठीच जणू कुणी ती जागा करून ठेवली होती. सुरुवातीला तर ती इतकी हलकी होती की नियमातलं किमान वजन भरावं म्हणून तिच्या पायाशी वाळूची पिशवी ठेवावी लागायची.

पुढच्या वर्षभरात शाळेने नाकात दम आणला. सराव पहाटे, शाळा सकाळी, स्पर्धा भलत्याच गावी. हजेरी कमी भरली, मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की एक काहीतरी निवडा. आमच्या बहीणबाईंनी तिथल्या तिथे निवडलं. त्या दिवशी संध्याकाळी तिने सांगितलं तेव्हा माझे मेहुणे, म्हणजे तिचा नवरा, हातातला पाना तसाच धरून उभे राहिले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हा त्यांचा रोजचा धंदा, त्यामुळे घाबरायची त्यांना सवय नाही. पण त्या दिवशी घाबरले होते.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण एक अट. बोट आहे तोवर. बोट सुटली की त्याच आठवड्यात शाळा."

"अहो, अर्थातच," बहीण म्हणाली. "कायमचं कोण म्हणतंय?"

मीही मान डोलावली. लवंगी जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मग सुरू झालं ते आखणं. डेपोत जुना चौकटीचा कागद पडून होता, तो साहेबांना विचारून तिने घरी आणला आणि जेवणाच्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चिकटवला. वरच्या कडेला वर्षाचे महिने, खाली विषय. बोट निळ्या रंगात. धुक्याच्या महिन्यांत तळ्यावर हात समोर धरला तरी दिसत नाही, तेव्हा बोटी बंद, म्हणून गणित आणि विज्ञानाचा सगळा जड भाग तिथे. स्पर्धांच्या महिन्यांत फक्त वाचन आणि भाषा. शिबिराच्या आठवड्यात अभ्यास शून्य. धुकं लवकर उठलं तर काय, स्पर्धा पुढे गेली तर काय, पोरीला ताप आला तर काय, या सगळ्याला तिने जागा ठेवली होती. मध्येमध्ये नुसते मोकळे आठवडे होते, त्यांवर लिहिलं होतं 'राखीव'.

"राखीव कशाला?" मी विचारलं.

"ताई, शेवटच्या थांब्यावर गाडी नुसती उभी राहिली नाही ना, तर एका फेरीचा उशीर दिवसभर सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. उभा वेळ ठेवावाच लागतो."

"ही पोर आहे की बस?"

"तुझ्या शाळेत कुठे पोरं असतात? तिथेही बसच असतात. फक्त सगळ्या एकाच वेळी सुटतात आणि उशीर झाला की छडी खातात."

"छडी बंद होऊन जमाना झाला," मी म्हटलं. यावर ती फक्त हसली आणि स्टुलावर चढून गणिताचा एक आठवडा डावीकडे सरकवला.

खोटं कशाला बोलू, जमलं तिला. पहाटेच्या पहिल्या बसने दोघी निघायच्या. लवंगीला तळ्यावर सोडून बहीण डेपोत जायची. सराव संपला की पोर क्लबच्या माडीवर बसून आईने दिलेली गणितं सोडवायची. दुपारी आईची पाळी सुटली की दोघी घरी यायच्या, तेही सरळ रस्त्याने नाही, तर अख्ख्या शहराला वळसा घालणाऱ्या लांबच्या गाडीने. त्या गाडीच्या मागच्या सीटवर इतिहासाचा तास व्हायचा. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ती माझ्याकडे भाषेला यायची, तीही या बाईने मला गळ घालून ठरवलेली गोष्ट. "ताई, तुझ्याइतकं व्याकरण कुणाला येतं?" म्हणे. मधाचं बोट लावण्यात तिचा हात कोण धरणार! वर्षाच्या शेवटी शिक्षण कार्यालयातल्या बाई तपासायला आल्या, तेव्हा लवंगीने त्यांना दशांश अपूर्णांक असे समजावून सांगितले की त्यांनीच दोन वेळा मान हलवली. मी तेव्हा तिथेच होते. मला अभिमान वाटला आणि त्याचा रागही आला.

एकदा मी सुट्टी काढून बँकेत निघाले होते, आणि चढले नेमकी त्याच लांबच्या गाडीत. मागे बघितलं तर दोघींची डोकी एका पुस्तकावर. बहीण कुठल्या तरी राजाचा आवाज काढून वाचत होती आणि लवंगी हसून हसून सीटवरून घसरत होती. पुढचे दोन म्हातारे प्रवासी मान वळवून ऐकत होते, आणि आपला थांबा आल्यावर एक जण म्हणाला, "आता त्या राजाचं काय झालं ते मला कसं कळणार?" मी पुढेच बसून राहिले. हाक मारली असती तर माझं तोंड बघून तो तास शाळेचा झाला असता.

दोन वर्षं अशी गेली. पोरी वाढतात, ही पण वाढली. आधी वाळूची पिशवी अर्धी झाली, मग गेली. मग विजारी वर चढायला लागल्या. बहिणीने एकदा शिवण सोडून त्या लांब केल्या, पुन्हा केल्या, आणि दर वेळी टाचण्या तोंडात धरून ती इतकी भराभर काम करायची की बोलायला जागाच राहू नये. कोचबाई एकदा तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, पोरगी गुणाची आहे. पण वल्हं मारायला अजून लहान आणि सुकाणूला आता मोठी होत चाललीय. ही मधली दोन-तीन वर्षं वाईट असतात. यंदाचा हंगाम निघेल, पुढचं बघू." हे बहिणीनेच मला सांगितलं, माझ्या ओट्याभोवती फिरत.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? यंदाचा हंगाम निघेल म्हणाल्या ना?"

"आणि पुढे?"

"ताई, तू वर्गात पण असंच सारखं 'आणि पुढे' विचारतेस का?"

त्या वर्षी तिने आखणी केली ती आधीच्या दोन्ही वर्षांपेक्षा मोठी. मला मदतीला बोलावलं होतं. मेहुणे कागदाचं एक टोक धरून उभे, मी दुसरं, आणि ही स्टुलावर चढ-उतर करतेय. निळी रेघ तिने इतकी जाड काढली की दुरूनही तेवढीच दिसत होती. पोहणं, आवाजाचा व्यायाम, संध्याकाळी पाठीचा व्यायाम, सगळं वाढलं. तिची झोप उडाली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिला काहीतरी खुपत होतं, पण ते ती कागदावर शोधत होती.

"बोट हलणार नाही," ती म्हणत होती. "बाकी सगळं हलवता येतं. इतिहास आपण घरी आणू या, म्हणजे दुपारी सरळ गाडीने येऊ, तेवढाच वेळ वाचेल."

"इतिहास नको हलवू," लवंगी एकदम म्हणाली. ती टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक करत होती.

"अगं, अर्धा तास वाचतो."

"नको म्हटलं ना. पोहणं कमी कर हवं तर. झोप कमी कर."

"झोप कशी कमी करू?"

"मला लागत नाही एवढी."

बहिणीने खांदे उडवले आणि इतिहास होता तिथे ठेवला. मेहुण्यांनी कागदाचं टोक टाचणीने पक्कं केलं, निळ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि सहज म्हणाले, "एवढं मोठं आखतेस खरं. पण लक्षात आहे ना, बोट आहे तोवर हं."

"आहे हो लक्षात. किती वेळा सांगाल?"

लवंगी टोक करत राहिली. पेन्सिल मोडली, तिने पुन्हा टोक केलं.

त्यानंतर कधीतरी ती माझ्याकडे येऊन खाऊ नाकारायला लागली. "आत्ताच घरी खाल्लं मावशी." मला काही वावगं वाटलं नाही. शाळेतून दमून आल्यावर 'नको' म्हणणारं मूल मिळालं की बाईमाणूस सुटकेचा निःश्वास सोडतं. गणवेश नाही, घंटा नाही, पोर सतत इकडून तिकडे. ती बारीक दिसतेय असं वाटायचं, पण उंची वाढताना मुलं बारीक होतातच, असं मीच पालकांना सांगत आले आहे.

मग आमच्या शाळेला स्थापना दिनाची सुट्टी आली. बहीण मागे लागली. "एकदा येऊन बघ तरी. तीन वर्षं नुसती टोमणे मारतेस. बघितलंयस का कधी तिला बोटीत?" तिनेही पाळी बदलून घेतली होती. मला पहाटे उठायचा कंटाळा, पण गेले. थंडी होती. तळ्याच्या काठी फळ्यांचा धक्का होता, त्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. म्हणजे मी उभी राहिले, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती.

बोट लांबून येताना आधी आवाज आला. काय आवाज तो! माझ्या वर्गात रोज ऐकू येणारा मुलांचा आवाज वेगळा. हा आवाज आठ मोठाल्या मुलींना हुकूम सोडत होता आणि त्या ऐकत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. मी बहिणीकडे वळून म्हटलं, "अगं, ही तर..." आणि तेवढ्यात आवाज बारीक झाला. एक हुकूम अर्धवट राहिला. पुढचा आलाच नाही. वल्ही एकमेकांना लागायला लागली आणि बोट तिरकी होऊन रांगेतल्या एका लाल तरंगत्या पिंपावर घासली. कोचबाई मोटारीच्या छोट्या बोटीतून ओरडत तिकडे गेल्या.

लवंगीला धक्क्यावर आणलं तेव्हा ती म्हणत होती, "काही नाही, घसा बसला." उठायला गेली आणि गुडघ्यांतून खाली गेली. मी तिला धरलं. मोठ्या विजारीच्या आत पाय होते ते माझ्या मनगटाएवढे वाटले.

कोचबाईंनी तिला घोंगडीत गुंडाळलं आणि बहिणीला विचारलं, "सकाळी काय खाऊन येते ही?"

"सकाळी? इथे खाते ना," बहीण म्हणाली. "डबा देते मी. सरावाआधी थोडं आणि दुपारी बाकीचं."

"इथे? ती म्हणते घरून खाऊन निघते. मी तिला इथे खाताना पाहिलेलं नाही. मला वाटलं दुपारी तुम्ही आल्यावर तुमच्याबरोबर..."

"मी येते तेव्हा डबा रिकामा असतो. धुतलेला." बहीण माझ्याकडे वळली. "आणि संध्याकाळी तुझ्याकडे."

"माझ्याकडे?" मी म्हटलं. "माझ्याकडे ती घरून खाऊन येते."

"रात्री हे जेवायला वाढतात, तर कधी म्हणते मावशीकडे जेवले, कधी म्हणते दुपारचा डबाच जड झालाय."

वल्हं मारणाऱ्यांतली सगळ्यात दांडगी मुलगी ओल्या कपड्यांत मागे उभी होती, ती एकदम रडायला लागली. "आम्ही खातो तिचा डबा," ती म्हणाली. "रोज. ती म्हणते तिला घरी भरपूर मिळतं, टाकून द्यायला नको म्हणून घ्या. आम्हाला वाटलं..."

माझ्या बहिणीचा चेहरा मला अजून दिसतो. डेपोत तिचं नाव आहे ते एका गोष्टीसाठी. पूर्वी ड्रायव्हरांची जेवणाची सुट्टी कागदावर नसायची. या टोकाचे लोक समजायचे तो त्या टोकाला जेवला, त्या टोकाचे समजायचे या टोकाला. माणसं उपाशी गाडी चालवायची. हिने भांडून प्रत्येकाच्या कागदावर जेवण कुठे आणि कधी, हे लिहायला लावलं. जुने ड्रायव्हर अजून तिला बघून हात वर करतात. आणि घरच्या भिंतीवर, त्या लांबच लांब कागदावर, पोहणं होतं, इतिहास होता, उभा वेळ होता, जेवण नव्हतं. घरातलं पोर जेवणारच, ते काय लिहायचं, असंच कुणालाही वाटेल.

"मी नाही लिहिलं," ती एवढंच पुटपुटली.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, आम्हाला बाहेर बसवून पोरीशी एकटीशी बोलले. मग म्हणाले, वेळेवर कळलं. नीट खायला हवं, आठवड्याला आणून दाखवायला हवं, बोट सध्या पूर्ण बंद. "तिच्यावर चिडू नका," ते म्हणाले. "आणि ताटावर पहारा बसवू नका. नुसते बरोबर जेवा."

मेहुणे अर्धवट उघडलेली लिफ्ट सहकाऱ्यावर सोपवून दुपारी घरी आले. हात ग्रीसने काळे. त्यांनी ते धुतले, पुन्हा धुतले, मग टेबलापाशी लवंगीच्या शेजारी येऊन बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी मऊ काहीतरी करून आणलं होतं, ते ताटात वाढलं. लवंगी ताटाकडे बघत बसली.

आणि माझी बहीण? ती स्टुलावर चढली होती.

"दोन महिने विश्रांती," ती भिंतीशी बोलत होती. खोडरबर कागदावर घासत होती, कागद फाटेल असं. "हे पुढे ढकलू. स्पर्धा या वर्षी गेली तर गेली. जेवणाच्या वेळा मी लाल रंगाने टाकते, सगळ्या, आणि जेवायला कुणीतरी बरोबर असेल. मग हळूहळू सराव. तुझी जागा त्या राखून ठेवतील, मी बोलते कोचबाईंशी. तू काळजी करू नको, बाळा. तुझी बोट कुठे जात नाही."

"खाली उतर," मी म्हटलं.

"एक मिनिट, ताई."

"अगं, उतर खाली!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले.

"आई, नको ना राखू," लवंगी म्हणाली.

तो आवाज इतका लहान होता की क्षणभर मला कळलंच नाही कोण बोललं. बहिणीचा हात थांबला.

"काय नको?"

"जागा. मला नकोय बोट." ती ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "आधी आवडायची. आता नाही आवडत. थंडी वाजते. आणि सारखं ओरडावं लागतं."

"केव्हापासून?"

"खूप झालं."

बहीण स्टुलावरून उतरली. खोडरबर हातातच. "मला तर ती पहाटेची गाडी नकोशी झालीय," ती म्हणाली, आणि हे ती मलाच काय, नवऱ्यालाही कधी बोलली नव्हती हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "रोज वाटायचं, आज पाऊस येऊ दे, धुकं पडू दे. तुझ्यासाठी उठत होते गं मी. तुला नको होती तर बोलली का नाहीस? उपाशी कशाला राहिलीस, मग?"

लवंगीने बाबांकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घातली.

"वाढले असते तर बोटीतून काढलं असतं," ती म्हणाली. "आणि बोट सुटली की शाळा. मग आपली दुपारची गाडी पण गेली असती ना."

मेहुण्यांचा हात तिच्या डोक्यावरून खाली आला. मी शाळेतली बाई. शाळा काही वाईट नसते, शाळेतही मैत्रिणी असतात, गोष्टी असतात, असं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. ती सगळी वाक्यं मला पाठ आहेत. पण तेरा वर्षांच्या पोरीने एका बसच्या मागच्या सीटसाठी आपलं अंग वाढू द्यायचं नाकारलं होतं. मी तोंड मिटलं आणि तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

मग लवंगीने चमचा उचलला. तो तोंडाजवळ नेला, थांबली, आणि बापाला विचारलं, "बाबा, मी हे सगळं संपवलं तर शाळेत नाही ना घालणार?"

अडकलेल्या लिफ्टमधल्या लोकांशी दाराच्या फटीतून शांतपणे बोलणारा तो माणूस. त्याने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली.

"हे संपवलं तर नाही, आणि नाही संपवलंस तरी नाही," ते म्हणाले. "माझी चूक झाली, बाळा. कसलीच अट नाही. तू नुसती जेव."

ती जेवायला लागली, अगदी सावकाश, एकेक चमचा. मी आणखी तीन ताटं घेतली आणि वाढली. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून आम्ही तिघं आपापल्या ताटात बघत जेवत होतो, आणि माझ्या बहिणीला रडू आवरत नव्हतं, तरी ती घास गिळत होती.